कमी ऐकणारा फोन

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक शिलाईमशीनच्या डोक्यावर टेकवलं, त्याची मूठ उजव्या कानाला घट्ट लावली आणि डोळे मिटले.

"चालवा," ते म्हणाले.

मशीनवरच्या बाईने पायाखालची पट्टी दाबली. सुई खालीवर होऊ लागली आणि मास्तरांना हवं ते ऐकू आलं. आत, शटलच्या आसपास, दर चौथ्या टाक्याला एक बारीकशी खट्. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेवढ्यात त्यांच्या मागे, कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवलेला त्यांचा फोन आपणहून बोलू लागला.

"ऐकायला कमी येतंय?" फोनमधली बाई लाडिक आवाजात म्हणाली. "लाजू नका. कानांची तपासणी आता मोफत, तीही घरबसल्या."

कारखान्यातल्या बाराच्या बारा मशीन थांबल्या. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. फोनमधल्या बाईला कसलीच घाई नव्हती. तिने तेच पुन्हा, आणखी सावकाश आणि आणखी मोठ्याने म्हटलं. तिचं बोलणं ज्यांच्यासाठी होतं, ते मात्र डोळे मिटून मूठ कानाला लावून उभे होते.

"थांबलात का?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं. मग त्यांनी डोळे उघडले. समोरच्या बाईने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

कारखान्याच्या मालकीणबाई आपल्या टेबलावरून उठून आल्या. त्यांनी फोन उचलून मास्तरांपुढे धरला.

"मास्तर, तुमचा फोन बोलतोय."

"काय?" मास्तर म्हणाले.

मग मात्र कुणालाच आवरलं नाही.

मास्तरांनी फोनवर नजर टाकली. पडद्यावर एक भला मोठा गुलाबी कान होता आणि कानाशेजारी एक म्हातारा दात दाखवून हसत होता. त्यांनी तो पटकन खिशात टाकला.

"सासऱ्यांसाठी बघत होतो," ते म्हणाले.

"सासरे वारले म्हणून तुम्ही आठ दिवस आला नव्हता ना, मागच्या वर्षी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चुलत सासऱ्यांसाठी," असं म्हणून मास्तरांनी मशीनचं पोट उघडलं आणि त्यात जवळजवळ तोंडच घातलं.

मालकीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात चोवीस नव्या मशीन येतायत, त्या लावून घ्यायच्या आणि वर्षभर सांभाळायच्या, त्यासाठी त्यांना मास्तरांचा कान लागणार आहे. हे त्या सरळ मनाने म्हणाल्या की कसं, ते मास्तरांना कळेना. या शब्दांना धार होती का, हे समजायला आवाज नीट ऐकू यावा लागतो.

सगळी गंमत अशी, की मास्तरांचं नावच मुळी कानमास्तर होतं. पस्तीस वर्षं ते शिलाईमशीन दुरुस्त करत होते आणि दुसरे कारागीर जिथे मशीन खोलून तासभर भागांचा ढीग मांडून बसत, तिथे मास्तर नुसतं ऐकून सांगत: बेअरिंग गेलंय, पट्टा सैल आहे, दात झिजलेत. एका शिंप्याने तर एकदा फोनवरच मशीन चालवून दाखवली होती आणि मास्तरांनी जेवता जेवता दोष सांगितला होता. अशा माणसाचा डावा कान गेल्या काही महिन्यांत एखाद्या भाडेकरूसारखा, न सांगता, हळूहळू सामान हलवत निघून गेला होता. उजवा होता, पण एकट्याने सगळं बघताना तोही मेटाकुटीला आला होता.

ही गोष्ट मास्तरांनी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. ती एका वाचनालयात कामाला होती, त्यामुळे 'तू फार हळू बोलतेस, नोकरीची सवय आहे तुला,' असं म्हणून तिच्यावर ढकलता येई. बाकीच्यांसाठी मास्तरांनी एक साधा उपाय शोधला होता. ऐकू आलं नाही की ते 'हो' म्हणत. जगातल्या बहुतेक प्रश्नांना 'हो' चालतं, असा त्यांचा अनुभव होता. या उपायापायी त्यांनी आतापर्यंत एका मांजरीची तीन पिल्लं घरी आणली होती आणि इमारतीच्या पाण्याच्या टाकीची देखरेख गळ्यात घेतली होती. पण अब्रू शाबूत होती.

फक्त एकदा, न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, त्यांनी फोन तोंडाशी धरून हळूच विचारलं होतं, "एका कानाने कमी ऐकू येतं, काय करावं?" माणसांना चारदा सांगावं लागतं, फोनला एकदाच पुरलं. नळ चालू असूनही त्याने सगळं ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि आता बारा बायांसमोर बोलून दाखवलं होतं.

त्याच दुपारी मास्तरांनी ठरवलं की फोन बदलायचा. वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, की मालकाचं बोलणं बाहेर न सांगणारे, जाहिराती न दाखवणारे फोनही निघालेत. तसला एक घ्यायचा.

पहिल्यांदा ते मोठ्या दुकानात गेले. तिथे भिंतभर फोन मांडलेले होते, गाणी चालू होती आणि निळा सदरा घातलेली एक मुलगी हसत पुढे आली. मास्तरांनी आवाज खाली आणून आपली गरज सांगितली. मुलीनेही, गिऱ्हाईक हळू बोलतंय म्हणून, हळूच विचारलं, "काका, तुम्हाला लपवायचंय काय?"

मास्तरांना ऐकू आलं, 'खपवायचंय काय?'

"मला काही खपवायचं नाही," ते जरा दुखावून म्हणाले. "मी घ्यायला आलोय."

"तसं नाही काका. लपवायचंय काय?"

"हो," मास्तर म्हणाले.

मुलगी थांबली. मग गाण्याच्या वर आवाज चढवून, एकेक अक्षर सुटं करत तिने विचारलं, "तुम्हाला, फोनमध्ये, काय, लपवायचं, आहे?"

दुकानातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. चार्जर बदलून घ्यायला आलेला एक गृहस्थ तर टाचा उंच करून बघू लागला. मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मुलीने मग एक काळी काच आणली, जी फोनला चिकटवली की शेजारच्याला पडदा दिसत नाही. "प्रायव्हसी म्हणजे हीच," ती म्हणाली. मास्तरांनी ती काच हातात फिरवून पाहिली. शेजारच्याला दिसण्याची त्यांना चिंताच नव्हती. चिंता होती ती शेजारच्याला ऐकू जाण्याची. त्यासाठी काच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बाजारामागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. एका डोळ्याला भिंग लावून तो फोनच्या आतड्यांत काम करत होता. कारागिराशी कारागीर म्हणून बोलता येईल, असं मास्तरांना वाटलं.

"तसले फोन असतात," दुरुस्तीवाला भिंग न काढता म्हणाला. "पण इकडे कुणी ठेवत नाही. मागवावे लागतात. किंमत या तुमच्या फोनच्या तिप्पट."

"तिप्पट? जास्त काय असतं त्यात?"

"जास्त काही नाही. कमी असतं. कॅमेरा कमी, खेळ कमी, बडबड कमी."

"कमी आहे तर जास्त पैसे कशाला?"

दुरुस्तीवाल्याने आता भिंग वर केलं. "तुमचा हा फोन स्वस्त का मिळाला? कारण उरलेले पैसे तुमच्या बोलण्यातून वसूल होतात. तो फोन तुमचं काही विकत नाही, म्हणून सगळी किंमत तुमच्याकडूनच घेतो. हिशेब सरळ आहे."

मास्तरांनी मनाशी अंदाज घेतला. तेवढ्या पैशांत एक बरी जुनी ओव्हरलॉक मशीन आली असती, मोटरसकट. तरी ते म्हणाले, "मागवा."

दुरुस्तीवाल्याने संगणकावर अर्ज उघडला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, राहता पत्ता, कामाचा पत्ता, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, आणि ओळखपत्र हनुवटीखाली धरून काढलेला चेहऱ्याचा फोटो. शेवटी एक प्रश्न होता: हा फोन आपल्याला कशासाठी हवा आहे?

"माझं कुणाला काही कळू नये म्हणून मी हा फोन घेणार," मास्तर म्हणाले, "आणि त्यासाठी हे सगळं कळवायचं?"

"बाहेरून येतो ना. चौकशी असते." दुरुस्तीवाल्याने क्षणभर विचार केला, मग कागदाच्या चिटोऱ्यावर एक पत्ता लिहून दिला. "इथे जाऊन बघा. कुलूपबाई म्हणतात त्यांना. साधाच फोन घेतात, आतलं सगळं पुसतात आणि दुसरं भरून देतात. स्वस्त पडेल. मात्र त्यांना फोन करून जाऊ नका. त्यांना आवडत नाही."

कुलूपबाई एका जुन्या कार्यालयी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसत. लिफ्ट बंद होती. मास्तर धापा टाकत पोचले तेव्हा दाराबाहेर स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यावर चिठ्ठी होती: फोन यात ठेवून मगच आत यावे. मास्तरांनी फोन ठेवला, झाकण दाबून लावलं, वर हाताने एकदा थोपटलंही, आणि आत गेले.

पांढऱ्या केसांच्या, टापटीप, मास्तरांच्याच वयाच्या त्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. वीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांची माहिती गोळा करण्याचं काम त्यांनी केलं होतं आणि त्या कामाचा उबग येऊनच हा उद्योग सुरू केला होता. त्यांनी उठून खिडकी लावली, पंखा बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागल्या.

त्या कुजबुजत होत्या.

मास्तरांना त्यांचे ओठ हलताना दिसले. बोलणं महत्त्वाचं असावं, कारण बाई मधूनमधून बोट उचलत होत्या. मास्तर गंभीर चेहऱ्याने मान हलवत राहिले. मग बाई थांबल्या. काहीतरी विचारलं होतं.

"हो," मास्तर म्हणाले.

बाईंनी भुवया उंचावल्या आणि पुन्हा काही विचारलं.

"हो हो," मास्तर म्हणाले.

बाई मागे टेकल्या. एखाद्या विमेदाराने वय दोनशे लिहिलं असेल तेव्हा त्या जशा बघत असतील, तशा त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. खोलीतला पंखाही बंद होता. खाली रस्त्यावरची वाहनं मास्तरांना दुरून, दुलईतून आल्यासारखी ऐकू येत होती. चार मजले चढून आल्यामुळे असेल किंवा 'हो' संपले म्हणून असेल, त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"बाई, जरा मोठ्याने बोला," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच माणसासमोर उच्चारलं होतं. छत कोसळलं नाही. बाईंनी नुसती मान डोलावली, घसा साफ केला आणि असा काही खणखणीत आवाज लावला की मास्तर दचकले.

"मी विचारलं, नाव काय. तर हो म्हणालात. मग विचारलं, पोलिसांपासून लपताय का. तर हो हो म्हणालात."

"नाही, नाही."

"मग कुणापासून?"

मास्तरांनी सांगितलं. न्हाणीघर, नळ, बारा बाया, गुलाबी कान, चोवीस मशीन, परगावची मुलगी. सगळं सांगून झालं तरी बाई हसल्या नाहीत. नाकावरचा चष्मा तेवढा वर सरकवला.

"फोन मी देईन," त्या ओरडल्या. बंद खिडकीची काच थरथरली. "दोन महिने थांबावं लागेल, माझ्याकडे यादी आहे. मुलगी परगावी आहे म्हणता, तिचे व्हिडिओ कॉल त्यावर धड येणार नाहीत. बँकेचं चालणार नाही. आणि एक सांगू का? कानाची यंत्रं हल्ली फोनला जोडून चालवतात. ती या फोनला जोडता येणार नाहीत."

"मला यंत्र नकोय."

"यंत्राला साधारण याच फोनएवढे पैसे पडतात, म्हणून म्हटलं. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर गोष्ट वेगळी."

शेजारच्या कार्यालयातून कुणीतरी भिंतीवर टकटक केली. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"यादीत नाव घालू?"

मास्तर खुर्चीवरून उठले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. त्यांना दारापर्यंत सोडायला बाई स्वतः आल्या. डब्याचं झाकण उघडून त्यांनी फोन मास्तरांच्या हातात दिला आणि त्याच वरच्या पट्टीत म्हणाल्या, "कारखान्यात कळलंच आहे. मग आता उरलं कोण?"

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि जेवणाच्या टेबलाशी मेहुणा बसलेला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. करखात्यात कारकून होता, आणि चौकशी करणं हा त्याचा नोकरीतला धंदा होता तसाच घरचाही. बायको समोर बसून मटार सोलत होती. मास्तर आपल्या खुर्चीवर बसले. मेहुणा नेमका डाव्या हाताला आला.

"भावजी," मेहुणा म्हणाला, एवढं ऐकू आलं. पुढचं सगळं एका सपाट गुणगुणीत विरघळलं. मास्तर थकले होते. त्यांनी मटाराची एक शेंग उचलली. मेहुण्याचा चेहरा गंभीर होता, तेव्हा करविषयक काही असावं.

मेहुणा थांबला. वाट बघू लागला.

"हो," मास्तर म्हणाले.

मेहुण्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग पुढे वाकून, आवाज आणखी खाली आणून, त्याने आणखी काही विचारलं.

"हो, हो," मास्तर म्हणाले आणि शेंग सोलली.

"ताई," मेहुणा उभाच राहिला. हे मात्र नीट ऐकू आलं. "ऐकलंस? सरळ कबूल करतायत."

"ऐकलं," बायको म्हणाली. "तू जा आता. मी बघते."

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. दोघं तिथे थोडा वेळ काही बोलले. मेहुण्याने एकदा वळून मास्तरांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात रागापेक्षा अचंबाच जास्त होता. मग दार लागलं. बायको परत येऊन आपल्या जागी बसली आणि मटार पुढे ओढले.

"काय म्हणत होता तो?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्या कचेरीतला एकजण फोनच्या दुकानात होता. तुम्ही चोरून वापरायचा फोन मागत होतात म्हणे."

"चोरून नव्हे."

"म्हणून त्याने विचारलं, तुमची बाहेर कुणी बाई आहे का."

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग मी काय म्हटलं?"

"हो म्हणालात."

"आणि नंतर?"

"नंतर त्याने विचारलं, लग्नाचा विचार आहे का. तेव्हा हो, हो म्हणालात." बायकोने दाणे भांड्यात टाकले. "दारात मी त्याला सांगितलं, असेलही एखादी. पण यांच्या कानात ती कुजबुजणार कशी? मी दिवसभर वाचनालयात लोकांना हळू बोला म्हणते आणि घरी येऊन यांच्यासाठी ओरडते. दुसरीला हे झेपणार आहे का?"

मास्तरांच्या बोटांतून दोन दाणे निसटून टेबलावरून घरंगळले आणि खाली पडले. एक मांजर ते हुंगून निघून गेलं.

बायको उठली. भांडं उचलून टेबलाला वळसा घालून ती त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर येऊन बसली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

"उद्या मालकीणबाईंना सांगून टाकतो," मास्तर म्हणाले. "काम राहिलं तर राहिलं."

"सांगा."

"सहा महिने झाले. पोरीचा फोन आला होता, मी डाव्या कानाला लावला, तर वाटलं कट झाला. ती आपली बोलतच होती."

"सहा महिने?" बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "मला कळून वर्ष होऊन गेलं."

"वर्ष?" मास्तर खुर्चीत वळले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात तक्रार होती. "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की," ती आपल्या वाचनालयातल्या हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात."